नमद्याची एक घडी

आजच्या सभेचे अध्यक्ष आणि आपल्या तालुक्याचे प्रमुख सांबूसाहेब, व्यासपीठावर बसलेले आपल्या मठाचे वयोवृद्ध लामा बाबा, शाळेच्या मुख्याध्यापिका बाई, ज्यांच्यासाठी आज एवढी माणसं बाहेर घोडे बांधून आत येऊन बसली आहेत ते खोगिरं घडवणारे आमचे गोंचिग मास्तर, आणि समोर बसलेल्या माझ्या आयाबहिणींनो, भावांनो, सर्वांना माझा नमस्कार.

मी दुलमा. दहावी पास झाले, लग्न केलं, घर सांभाळलं, आणि गेली काही वर्षं घोड्यांच्या मापानं खोगिरं बसवते. भाषणाची मला सवय नाही, म्हणून लिहून आणलं आहे. बाईंनी पाच मिनिटं दिली आहेत. जास्त लागली तर बाईंनी रागवावं, पण मधे थांबवू नये.

मास्तर उद्या सकाळच्या गाडीनं मुलीकडे दार्खान शहराला जातात, ते कायमचेच. एकाहत्तराव्या वर्षी माणूस मुलीच्या घरी जातो तो परत यायला जात नाही. आत्ता सांबूसाहेबांनी त्यांचा गौरव करताना फार सुंदर शब्द वापरले. साहेब म्हणाले, "एक खोगीर सोडलं, तर मास्तरांच्या हातचं एकही खोगीर कुणाच्या जिवावर उठलं नाही." सभागृहानं टाळ्या वाजवल्या. मास्तरांनी मान खाली घातली. मंडळी, मास्तरांसारख्या माणसानं मान खाली का घातली, हा प्रश्न तुम्हाला पडला का?

ते एक खोगीर माझ्या नवऱ्याचं होतं. मी त्याच्याबद्दलच बोलायला उभी आहे.

चौदा वर्षांपूर्वीचा एप्रिल. यादाम ऑर्खोन नदीच्या बर्फावरून मेंढ्या वळवायला निघाला. घोडा एकाएकी उसळला. यादाम पडला, पाय रिकिबीत अडकला, आणि घोडा त्याला पलीकडच्या काठापर्यंत ओढत घेऊन गेला. त्या घोड्याच्या मानेमागच्या उंचवट्यावर खोगिराच्या पुढच्या कमानीनं नाण्याएवढी जखम केली होती. खोगीर मास्तरांनी आदल्या शरदात बसवून दिलेलं. मास्तर भेटायला आले. त्यांनी खोगीर उलटं केलं, खालच्या लोकरीच्या जाड नमद्याखाली हात घातला, परत जागेवर ठेवलं आणि टोपी हातात घेऊन उभे राहिले. मी शेजारपाजारच्या पन्नास माणसांसमोर म्हणाले, "तुमच्या खोगिरानं माझा माणूस खाल्ला." मास्तर काहीही बोलले नाहीत. जो बोलत नाही तो दोषी, असं आपण सगळ्यांनी मिळून ठरवलं. मी एकटीनं नाही, तेवढं लक्षात ठेवा.

पुढचं जुन्या लोकांना आठवत असेल. तेव्हा सामुदायिक संस्था होती. मास्तरांचं नाव गौरव-फलकावरून पुसलं गेलं. शर्यतीच्या घोड्यांचं काम काढून घेतलं. ज्या मुलीकडे ते आता चालले आहेत, तिच्या लग्नाला अर्धा तालुका गेला नाही. मी पण गेले नाही, आणि कोण कोण गेलं ते मात्र विचारून घेतलं.

तेवढ्यानं माझं समाधान होईना. वर्षभरानं तेव्हाच्या प्रमुखांकडे गेले, म्हटलं, यांना शिक्षा करा. ते म्हणाले, "बाई, खोगीर चुकलं हे तू कशावरून म्हणतेस? तुला त्यातलं कळतं काय? शिकून ये, मग बोल." दुसऱ्या दिवशी मी मास्तरांच्या कारखान्याच्या दारात जाऊन उभी राहिले. म्हटलं, "मला खोगीर बसवायला शिकायचंय. तुमची चूक कुठं आहे ते दाखवून द्यायचंय."

मास्तर चामडं भिजवत होते. वर न बघता म्हणाले, "ये. दार लाव, थंडी येतीये."

लोक म्हणाले, केवढं मोठं मन. मंडळी, त्या मनाचं वर्णन मी करते, तुम्ही ऐका.

पहिल्या आठवड्यात त्यांनी मला सहा शिकाऊ पुरुषांसमोर हातापायांवर ओणवं उभं केलं. पाठीवर नमदा टाकला, नमद्याखाली मेंढीच्या घोट्याचं एक हाड ठेवलं, वर खोगीर चढवलं आणि पोटाखालून तंगाचा पट्टा आवळला. म्हणाले, "दुपारपर्यंत अशीच चूल सांभाळ." पोरं हसत होती. दुपारी विचारलं, "कुठं दुखतंय?" मी हात मागं न्यायला लागले, तर त्यांनी तो खाली ढकलला. "घोड्याला बोट असतं का?" मी म्हटलं, "पाठीत दुखतंय." "पाठ हातभर लांब आहे. घोडा पण एवढंच सांगतो, आणि तुझ्यासारखे लोक त्याला खोडकर म्हणून चाबूक मारतात." खोगीर काढल्यावर त्यांनी सगळ्यांना माझ्या पाठीवरचा वळ दाखवला. घोड्याच्या अंगावर असा वळ उठला की तिथं पांढरे केस येतात आणि मरेपर्यंत जात नाहीत, हे समजावून सांगितलं. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "हिच्या पाठीवर केस नाहीत. ही विसरेल."

मी सात हिवाळे त्यांच्याकडे शिकायला गेले. काय शिकवलं म्हणाल, तर घोड्याला शरदात मापू नका. शरदात गवत खाऊन तो गुबगुबीत असतो, तेव्हा कुठलंही खोगीर छान बसतं. तो वसंतात हाडावर येतो. खोगीर बसवायचं ते त्या हाडकुळ्या घोड्यासाठी, आणि शरदात ते जरा उंच बसलं तर बसू द्यायचं. घोडा दमवून आणा आणि नमदा उचलून बघा. सगळी पाठ घामानं ओली आणि मधेच तळहाताएवढी जागा कोरडी दिसली, तर तिथं दाब पडतोय. स्वाराचंही माप घ्या, नुसतं घोड्याचं नको. सांबूसाहेब, तुम्ही एकदा तक्रार घेऊन आला होतात की खोगीर डावीकडे सरकतं. मास्तरांनी तुम्हाला कुंपणाच्या वाशावर बसवून बघितलं आणि म्हणाले, "साहेब, घोडा सरळ आहे. तुम्ही वाकडे आहात." हसा मंडळी, साहेबही हसताहेत.

मला मात्र मास्तर एकदाही चांगलं म्हणाले नाहीत. शिवलेलं उसवायचे. म्हणायचे, "दहावीला नापास झाली असतीस तर हात तरी शिकले असते." आणि मी काय करत होते? लामा बाबांसमोर खोटं बोलत नाही. तेव्हा देवापुढे लोण्याचा दिवा लावायला सरकारची बंदी होती, मी पेटीत लपवून लावायचे. लोणी चाटूनपुसून वापरणारी बाई मी, पण त्या दिव्यात कधी कसर केली नाही. दिव्यापुढे बसून मणी ओढत रोज एकच मागायचे, की या माणसाचे हात झडू देत. दिवसा त्यांच्याच हातांकडून शिकायचे.

आठव्या वर्षी, असाच एप्रिल होता, होर्लो वहिनी घोडा घेऊन आल्या. त्या आज मागच्या रांगेत बसल्या आहेत. घोड्याच्या मानेमागं जखम. मास्तर मला म्हणाले, "आज तू बघ. मी बोलणार नाही." मी हात फिरवला, खोगीर उलटं केलं, आणि म्हटलं, "वहिनी, यातली नमद्याची एक घडी कुठं गेली?"

त्या म्हणाल्या, "शरदात खोगीर उंच बसत होतं गं. एक घडी काढली आणि पोरांच्या बुटांत घातली. सगळ्याच बायका घालतात."

मी त्यांना सोडलं नाही. सगळ्या कारखान्यासमोर म्हणाले, "वीतभर नमदा वाचवायला तू मुक्या जिवाची पाठ फोडलीस. आज घोडा आहे, उद्या नवरा असता. असल्या काटकसरीला आग लाव." वहिनी रडत घोडा ओढत गेल्या. परत कधी आल्या नाहीत. मला फार बरं वाटलं. मास्तर कोपऱ्यात बसून सुईत दोरा ओवत होते. मान हलवून म्हणाले, "बरोबर." सात वर्षांत पहिल्यांदा.

त्या आनंदात मी घरी निघाले, आणि अर्ध्या वाटेत माझे पाय थांबले.

आठवत नव्हतं असं म्हणाले तर ते खोटं होईल. आठवत होतं. पण ते मला बुटांच्या खात्यात आठवत होतं, खोगिराच्या नाही. यादाम त्या शरदात सांगत होता, "मास्तर म्हणालेत, आता उंच वाटेल, पण हात लावू नका, हे वसंतासाठी बसवलंय." मी म्हटलं होतं, "त्यांना काय जातं, नमदा काय फुकट येतो?" मी एक घडी कापून घेतली. दोन्ही मुलांचे बूट आतून भरून झाले. यादाम खोगिरावर बसून म्हणाला, "आता बघ कसं छान बसलंय."

घरी जाऊन कोठीतून त्याचं खोगीर काढलं. उलटं केलं. माझ्या कात्रीचं एक पातं तुटकं आहे, त्यामुळे ती दर बोटभर अंतरावर एक दात सोडते. नमद्याच्या कडेला ते दात होते.

मास्तरांनी यादामच्या मरणाच्या तिसऱ्या दिवशी या नमद्याखाली हात घातला होता.

सकाळी कारखान्यात गेले. मास्तरांनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि विचारलं, "कळलं?" मी म्हटलं, "तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. सांगितलं का नाहीत?" ते म्हणाले, "तू विचारलं नव्हतंस. तू सांगत होतीस." मग म्हणाले, "चहा टाक. त्यात मीठ बेतानं."

त्याला सहा वर्षं झाली. मंडळी, या सहा वर्षांत मी हे कुणाला सांगितलं नाही. का? तर लोक मास्तरांकडे घोडा न्यायला बिचकत होते, आणि माझ्याकडे आणत होते. मी खरं बोलले असते तर ते परत मास्तरांकडे गेले असते. दुसरं कारण नाही. त्यांच्या पुसलेल्या नावावर मी माझं घर चालवलं.

(मास्तर, हात वर करून मला थांबवू नका. काय म्हणताय? "पुरे झालं, दुलमा." नाही पुरे झालं.)

माझे दोन्ही मुलगे दाराजवळ उभे आहेत. वीस आणि अठरा वर्षांचे. त्यांनी हे आजवर ऐकलेलं नाही. बाळांनो, त्या हिवाळ्यात तुमचे पाय गरम राहिले, त्यात तुमचा काही दोष नाही. धाकट्या, बाहेर जाऊ नकोस. राहिलेलं ऐक आणि मग जा.

होर्लो वहिनी, त्या दिवशी मी तुम्हाला जे बोलले ते चुकीच्या बाईला बोलले. सांबूसाहेब, आपल्या भाषणाची प्रत कार्यालयात ठेवली जाणार आहे असं ऐकते. त्यातलं "एक खोगीर सोडलं तर" एवढं कृपा करून खोडा. मास्तरांचं एकही खोगीर सोडायचं कारण नाही.

आपण सर्वांनी मला बोलू दिलंत याबद्दल अध्यक्षांचे, लामा बाबांचे, बाईंचे आणि आपले मी मनापासून आभार मानते. अडाणी बाईच्या तोंडून काही अधिकउणं गेलं असेल, वेळेपेक्षा जास्त बोलले असेन, तर पदरात घ्यावं.

शेवटचं मास्तरांना. मास्तर, होर्लो वहिनींना त्या दिवशी तुम्ही मुद्दाम माझ्यासमोर आणलं होतंत का, हे मला सहा वर्षं विचारायचं होतं. सात हिवाळे तुम्ही मला विद्या दिलीत, की उत्तराच्या दिशेनं एकेक पाऊल चालवत नेलंत? इथं, चार लोकांत, तुम्ही सांगणार नाही हे मी ओळखते. तुमच्या पिशवीत वरच एक पाकीट ठेवलं आहे, त्यावर माझा पत्ता घातला आहे, तिकीट लावलं आहे. दार्खानला पोचलात की दोन ओळी लिहा. ती विद्या असेल तर तसं लिहा. शिक्षा असेल, तर ती संपली की अजून राहिली आहे, तेवढं उलट टपाली कळवा.