तारीख ठरवायची एकच जागा

—नाही, तिथे नको. तारखेची अट बटणाच्या कोडात नाही लिहायची. एकच ओळ आहे, दिसतंय मला — दुखणी एका ओळीनंच सुरू होतात. बसा जरा. टीममध्ये नवीन आहात म्हणून सांगते, नाहीतर सांगायचंही त्राण उरलं नाही आता.

हे ॲप डायलिसिसच्या पेशंटांचं, बरोबर? तुमची पाळी कधी, एवढंच सांगतं. तर आधीच्या मंडळींनी काय केलं — तारीख ठरवायचा हिशेब स्क्रीनच्याच कोडात कोंबला. जितक्या स्क्रीन तितके हिशेब. मग ॲपला नवं रूप द्यायची टूम निघाली, स्क्रीन नव्यानं लिहिल्या, आणि सेंटरला सुट्टी असेल तर पाळी एक दिवस आधी, ही अट एका स्क्रीनवर आली, दुसरीवर राहून गेली. एकीवर गुरुवार, दुसरीवर शुक्रवार. कुणाच्या लक्षात आलं? कुणाच्याच नाही. माझे सासरे — हो, तेही यातलेच पेशंट — त्यांनी नेमकी दुसरी बघितली. मी इथे ऑफिसात. सेंटरची सुट्टी लक्षात ठेवून सासूबाई गुरुवारीच म्हणाल्या, "आज ना हो तुमचं?" तर त्यांच्यापुढे फोन धरून म्हणाले, "सूनबाईच्या ऑफिसचं आहे हे. चुकेल कसं?" शुक्रवारी गेले तर सेंटरला कुलूप. संध्याकाळी छातीत पाणी, आडवं होता येईना, भिंतीला टेकून नुसते धापा टाकत होते — वाचले. वाचले हो.

मग सगळा हिशेब उपसून मी एका जागी नेला. ठरवायचं ते तिथे, स्क्रीननं फक्त दाखवायचं, आपलं डोकं चालवायचं नाही. रूप हवं तितकं बदला, तारखेला धक्का नाही. साहेब म्हणाले, एवढं खपलात, पण दिसायला तर काहीच बदललं नाही.

सासरे निर्धास्त आहेत. ॲप बघतात, पिशवी भरतात, निघतात. आणि मी — कोड माझा, त्याच्या तपासण्या माझ्या, सगळ्या पास — तरी पाळीच्या आदल्या दिवशी जिन्यात जाऊन सेंटरला फोन करते, उद्याच आहे ना म्हणून. तिथली नर्स आता आवाजावरून ओळखते. "हो ताई, उद्याच," म्हणते, मी विचारायच्या आधीच. घरी माहीत नाही कुणाला. इथेही नाही—

तुम्हाला कशाला सांगत बसले मी. ती अट काढा तिथून, जागेवर ठेवा. आणि जाताना दार ओढून घ्या, मला एक फोन करायचाय.