बदली आल्याशिवाय

दयानंद फळ्यावर उद्याचा दिवस आखत होता. चार चौकोन झाले. पाचव्याच्या दोन रेघा झाल्या आणि खडू खाली पडला. खडूच्या मागोमाग दयानंद.

मंडळी, एवढंच मी पाहिलं. मागे ऐकू येतंय ना? आज दयानंदचा जलदानविधी झाला, तुम्ही सगळे या विहारात जमलात आणि मला बोलायला उभं केलंत. मी कॉलेजात आयुष्यभर मराठी शिकवलं. पण त्या संध्याकाळपासून माझं वाक्य त्या दोन रेघांपुढे जात नाही. सांभाळून घ्या.

विठ्ठलवाडीचं त्यांचं स्वयंपाकघर तुमच्यापैकी अनेकांनी पाहिलंय. फ्रिजशेजारी भिंतीवर फळा. संध्याकाळचा चहा झाला की दयानंद आणि त्याची मुलगी प्रज्ञा त्यावर दुसऱ्या दिवसाचा अभ्यास लावायचे. त्या दिवशीही तेच चाललं होतं. मी स्टुलावर होतो. वहिनी कांदा चिरत होत्या. दयानंदनं मला विचारलं, उद्या कविता घेणार की व्याकरण. मी म्हटलं, कविता. त्यानं ‘कविता’ लिहिलं. मग पाचवा चौकोन. मंडळी, त्याचा चहाचा कप अजून गरम होता. डॉक्टर आले तेव्हाही मला वाटत होतं, हा उठेल आणि चौकोन पुरा करेल. अजूनही वाटतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. प्रज्ञाला नववीत सांध्यांचा आजार झाला. सकाळी तिची बोटं आखडलेली असतात, दुपारकडे सुटतात. शाळा सकाळची. हजेरी भरेना. दयानंदनं तिला शाळेतून काढलं. घरी शिकायचं, दहावीला बाहेरून बसायचं, असं ठरलं.

दादा, तुम्ही त्याचे थोरले भाऊ, समोर बसला आहात. तेव्हा तुम्ही माजिवड्याहून तडक आला होतात. म्हणालात, “आपल्या आज्याला शाळेच्या दाराबाहेर बसवलं होतं. आणि तू पोरीला स्वतःच्या हातानं बाहेर काढतोस?” दयानंदनं फळ्याकडे बोट केलं. त्याच्याकडे वेळापत्रक होतं.

पहिलं वेळापत्रक फसलं. डोंबिवलीच्या एमआयडीसीत, रंगाच्या कारखान्यात, तो माणसांच्या शिफ्ट लावायचा. मुलीचा दिवसही त्यानं तसाच लावला. अवघड काम पहिल्या शिफ्टला, कारण तेव्हा माणूस ताजा असतो. म्हणून सकाळी सातला भूमिती. प्रमेयं लिहून काढायची. प्रज्ञा काही दिवस मुकाट्यानं लिहीत राहिली. अक्षर बिघडत गेलं. तो म्हणायचा, लक्ष दे. मग एका संध्याकाळी ती म्हणाली, “बाबा, माझी फर्स्ट शिफ्ट हातांची नाही. कानांची आहे.”

त्यानं सगळा फळा पुसला.

मग सकाळी सातला बीजगणित, तोंडी. तो उदाहरण वाचायचा, ती डोळे मिटून सोडवायची. बोटं सुटली की लिखाण. दुपारी झोप. झोपेलाही चौकोन होता, आणि ती चुकवली की हा रागवायचा. कविता माझ्याकडे, इतिहास वहिनींकडे.

आणि प्रत्येक चौकोनात दोन नावं. वर शिकवणाऱ्याचं, खाली बारीक अक्षरात बदलीचं. कारखान्यात तसंच असतं. मशीनवर एक जण, त्याच्या जागी यायला दुसरा. बदली आल्याशिवाय जागा सोडायची नाही. दयानंदच्या सातच्या चौकोनात बदली म्हणून माझं नाव होतं. मी हसलो होतो. म्हटलं, अरे, मला गणितात मास्तरांनी काठावर पास केलं, तेही कंटाळून. तो हसला नाही. म्हणाला, “सर, बदली कारागीर असावा लागत नाही. मशीन बंद पडू द्यायचं नाही, एवढंच त्याचं काम.”

मला कधी जावं लागलं नाही. ताप असो, रात्री उशिरा कारखान्यातून थकून आलेला असो, सातला तो खुर्चीत.

असा माणूस बदली न येता जागा सोडतो? दादा, तुम्ही त्याला कडेवर खेळवलंय. तुम्ही सांगा. असा माणूस?

त्याच रात्री अग्नी देऊन आपण परत आलो. दाराशी चपलांचा ढीग होता. आत कुणीतरी फळा पुसायला ओलं फडकं घेतलं. प्रज्ञा मध्ये उभी राहिली. दादा, तुम्ही तिला जवळ घेतलंत. म्हणालात, आता घरचं शिक्षण पुरे, माझ्याकडे चल, सोसायटीसमोरच शाळा आहे, दहावी एक वर्ष उशिरा दिलीस तरी चालेल. कुठलाही मोठा भाऊ हेच म्हणाला असता. मीही मनात म्हटलं, बरोबर आहे. आता कोण करणार हे सगळं?

प्रज्ञा रडत नव्हती. ती फळ्याकडे बघत होती.

“मोठे बाबा,” ती म्हणाली, “उद्याचा दिवस लावलाय. बदली आल्याशिवाय जागा सोडायची नसते.”

फडकं घेतलेली बाई ते तसंच हातात धरून उभी राहिली. मी कल्याणला घरी गेलो.

मंडळी, आता आपण उभे राहू. दोन मिनिटं कुणी बोलू नका. दयानंदला शेवटचा जय भीम त्या शांततेतच करू. त्याआधी दुसऱ्या दिवशी सकाळी काय झालं तेवढं सांगतो, आणि थांबतो.

रिक्षा मिळेना. सातला पोचायचं होतं, उशीर झाला. दार उघडंच होतं. प्रज्ञा टेबलाशी डोळे मिटून बसली होती. दयानंदच्या खुर्चीत दादा होते, कालच्याच कपड्यांत. पुस्तक डोळ्यांपासून लांब धरून, अडखळत, ते तिला उदाहरण वाचून दाखवत होते. मला पाहिल्यावर त्यांनी ओळीवर बोट ठेवलं.

“या सर,” म्हणाले. आणि खुर्चीतून उठले.