नानांच्या तिकिटावरचा शिक्का

तिकिटाच्या मशीनचं एवढं कौतुक करताय, तर आमच्या नानांचं ऐका. नाना म्हणजे माझे सासरे. सगळी नोकरी तहसील कचेरीत झाली, त्यामुळे शिक्का नसलेला कागद त्यांच्या लेखी रद्दी.

रोह्याला साखरपुड्याला निघालो होतो. मी घरूनच फोनवर दोन वेगवेगळी तिकिटं काढली, कारण नानांना स्वतःचं तिकीट स्वतःच्याच खिशात लागतं. पनवेल स्टेशनात मशीनवर नंबर टाकले आणि दोन्ही तिकिटं छापून घेतली.

नानांनी त्यांचं उलटसुलट करून पाहिलं. "शिक्का कुठाय?"

"याच्यावर नसतो, नाना."

"टीसी मधेच उतरवेल. तुझंही दे, मारून आणतो."

मी दिलं नाही. ते तरातरा गेले आणि गाडी लागता लागता खुशीत परत आले. तिकिटावर जांभळा, गोल शिक्का. वाचला, तर स्टेशनबाहेरच्या स्कूटर स्टँडचा. मी कपाळाला हात लावून बसले.

पुढे टीसी आला. नानांचं तिकीट त्याने नुसतं पाहून परत दिलं. माझं मात्र उजेडात धरलं.

"हे कुठून काढलंत, मॅडम?"

नाना खिडकीबाहेर बघत म्हणाले, "तरी मागत होतो."