आधी लागणारी गाडी

कारंज्याच्या एसटी स्टँडवर माझ्या मागच्या बाकावर दोन अनोळखी बाया बोलत होत्या.

“सकाळी अकोल्याची गाडी आधी लागते, का अमरावतीची?”

“कुठं जाचं हाय, मावशी?”

“मले नाही जाचं. माहा पवन जैसलमेरच्या वाळवंटातून बदली घेऊन राह्यला. अकोला घेऊ का अमरावती, तूच सांग म्हने.”

“मंग?”

“जिथली गाडी आधी, थेच गाव सांगीन. डायवरजवळ डबा देल्ला का भाकर नरम पोचते. तीन वर्सं रेतीत एकटंच जेवलं लेकरू.”

“डबा कायले? तुमीच राहा ना त्याच्याजवळ.”

“त्यानं गाव इचारलं, बाई. तू येतं का, असं नाही इचारलं.”

“…अमरावतीची लागते, मावशी. सव्वासहाले.”