तुया हातचा चहा

दिव्या : मले समजूतदार म्हणू नका, मॅडम. आणखी एकदा म्हटलं ना, तं मी ह्या बाकावरून उठून सरळ बस स्टँडवर जाईन. मंग करा तुमचं समुपदेशन त्या भिंतीसंग.

दीपिका : बरं, नाही म्हणत. बस तू. बाबांचं पडलेलं बीपी आता वर आलंय, सलाईन चालू आहे. इथल्या डॉक्टरांनी मला चंद्रपूरहून का बोलावून घेतलं, माहीत आहे?

दिव्या : बेवडा पुन्हा प्याला म्हून. तुमचा पेशंट ना तो. तुमच्या ग्रुपचा हिरो.

दीपिका : ते नाही कारण. डॉक्टर म्हणतात, एवढ्याशा दारूनं माणूस असा पडत नाही. तोंड लालबुंद, उलट्यांवर उलट्या, बीपी लागेना. पत्रूभाऊ म्हणतात, वारलेल्या आईच्या कामात एकच द्रोण मोहाची दारू हातात घेतली. अर्धी जमिनीवर सोडली आणि अर्धी तोंडाला लावली.

दिव्या : काका म्हणते, मागच्या दारी जाऊन बाटलीभर प्याला असन. अख्खं गाव तेच म्हणून राह्यलं. आजीचं काम राह्यलं बाजूले, सगळे ह्याच्याच नावानं शिमगा करून राह्यले.

दीपिका : आणि तू काय म्हणतेस?

दिव्या : मी का म्हणू? मी होती का तिथी?

दीपिका : होतीस. द्रोण तूच भरून दिलास त्यांच्या हातात. त्यांनीच सांगितलं मला.

दिव्या : घरातली पोरगीच देते. तसं असते आमच्यात.

दीपिका : दिव्या, असा पडलेला माणूस मी याआधी पाहिलाय. दारू सोडवायची एक गोळी असते. ती पोटात असताना घोटभर जरी गेली, तरी असंच होतं. पण ती मी पत्रूभाऊंना कधी लिहून दिली नाही, आमच्या डॉक्टरांनीही नाही. उलट तेच ऐटीत म्हणायचे, मले गोळी नाही लागत, मायं मन घट्ट आहे. मग ती पोटात गेली कशी?

दिव्या : फिनेलचा वास लय येते इथी. डोकं धरलं माझं.

दीपिका : दिव्या.

दिव्या : आईले विचारा.

दीपिका : विचारलं. आत्ताच फोन झाला. आई म्हणाली, मले काही माहीत नाही, त्याचा चहा पोरगीच मांडते.

दिव्या : असं म्हणाली?

दीपिका : हो.

दिव्या : ‘पोरगीच मांडते’ म्हणाली? माया आईनं, रुखमाबाईनं, असं म्हटलं? अरे वा रे वा! गोळी कोणी आणली, हे नाई विचारलं तुम्ही तिले? मावशीसंग राजुऱ्याले गेली अन् एका मेडिकलातून पुडी बांधून आणली. चिठ्ठी नाई, काई नाई, भजे बांधून दिल्यासारखी दिली त्यानं. मी तवा नववीत होती. मले चुलीजवळ बसवलं अन् म्हणे, ‘माया हातचं पाणी भी घेत नाई तुया बाप. म्हणते, जहर टाकशीन. तुया हातचं घेते. तू टाक.’ झालं. गोळी कशाची, वरून प्याला तं का होते, काई सांगतलं नाई. ‘चुरून टाकजो, साखर जराशी जास्त टाकजो.’ एवढंच शिक्षण झालं मायं.

दीपिका : आणि तेव्हापासून तू...

दिव्या : रोज. दहावीच्या पेपरच्या दिवशी भी. अंगात ताप होता तवा भी. मामाच्या लग्नाले सगळे तिकडे गावाले गेले, मी नाई गेली. बाबा घरी होता, त्याचा चहा कोण मांडन? सगळे म्हणे, पोरीचा बापावर किती जीव! एक दिवस मंगलीनं, माया लहान बहिणीनं, त्याचा कप उचलला. घोट घेणारच होती. मी अशी ठेवून दिली तिच्या कानाखाली, का पोरगी चुलीपर्यंत गेली. तिले अजून माहीत नाई, का बरं मारली. तवापासून मी चहा एकच कप मांडते.

दीपिका : सुरुवातीला ते वरून प्यायले असतील ना?

दिव्या : दोनदा. दोन्ही वेळा असाच लाल झाला अन् आतडे बाहेर पडतीन इतका ओकला. मी दारात उभी राहून पाह्यत होती. मले वाटलं, मेला. मी मारला. अन् हा उठून म्हणते का, देवानं माया दारूवर हात ठेवला! कोंबडा कापला देवाले. त्या दिवसापासून सोडली. मंग तुम्ही आल्या.

दीपिका : हं.

दिव्या : हं काऊन? ऐका ना आता. तुम्ही आल्या, शाळेच्या वऱ्हांड्यात सतरंजी टाकली, माणसं गोल बसवली. बाबा उभा राह्यला, ‘मी मनानं सोडली, तुम्ही भी सोडा.’ तुम्ही टाळ्या वाजवाले लावल्या. मी भी वाजवल्या. वरून मायाकडे पाहून तुम्ही म्हटलं, ‘बघा, किती समजूतदार मुलगी, वडिलांच्या पाठीशी उभी आहे.’ मले हसू येऊन राह्यलं होतं का ओकारी, मलेच समजलं नाई. एवढ्या तुम्ही शिकलेल्या. एक दिवस मले बाजूले घेऊन विचारलं असतं, का गं, तुया जीवाचं कसं आहे? नाई. बाबा कसे आहेत, बाबांची झोप कशी आहे, बाबांची भूक कशी आहे. बाबा, बाबा, बाबा!

दीपिका : विचारायला हवं होतं मी.

दिव्या : पाहिजेच होतं.

दीपिका : मला राग येतोय, दिव्या. तुझ्यावर नाही. नववीतल्या मुलीच्या हातात अशी गोळी देणाऱ्या मोठ्या माणसांवर येतोय.

दिव्या : तुमचा राग तुमच्या पर्समधी ठेवा. मायाच मले पुरते.

दीपिका : ठीक आहे. पण एक सांग. आजीचं काम होतं, द्रोण तोंडाला लावावा लागणार, हे तुला माहीत होतं.

दिव्या : म्हून तं बंद केली! तुम्हाले का वाटते, मी जाणूनबुजून टाकली? बाबानं तुम्हाले विचारलं होतं ना, का मॅडम, आईच्या नावानं एक घोट घ्यावाच लागते? तुम्ही म्हटलं, विधीपुरता घ्या, मन सांभाळा. मी ऐकलं. घरी आली अन् गोळी बंद केली. दोन-तीन दिवस साधा चहा दिला त्याले. मले वाटलं, उतरली असन आतापर्यंत.

दीपिका : ती उतरत नाही गं इतक्यात. आठवडा, कधी दोन आठवडेसुद्धा अंगात राहते.

दिव्या : हे मले कोण सांगन? कोणाले विचारू मी? तुम्हाले? चोरून टाकणाऱ्या माणसानं विचारावं कोणाले? द्रोण हातात दिला अन् त्याच्या तोंडाकडे पाह्यत राह्यली. कान लाल झाले ना, तवाच मले समजलं. अन् लोक हसून राह्यले होते, ‘चढली रे पत्रूले!’

दीपिका : डॉक्टरांना मी आत्ता सांगणार आहे. त्यात तुझी परवानगी नाही मागत.

दिव्या : मंग मले विचारत काऊन बसल्या?

दीपिका : बाबांना कोण सांगणार, ते विचारायचं होतं. रविवारी आजीच्या आठवणीचा दगड उभा करायचाय. पुन्हा द्रोण हातात येणार. त्यांना माहीत नसलं, तर ते पितील. ह्या वेळी वाचले. पुढच्या वेळी गाडी मिळेलच असं नाही, त्या डोंगरातून.

दिव्या : तुम्ही सांगा. पगार आहे तुम्हाले त्याचा.

दीपिका : सांगेन. तू इथेच बसलीस तरी चालेल. तुझं काम नाही ते.

दिव्या : अन् मंग तो मायाकडे कोणत्या डोळ्यानं पाहीन, ते तुम्ही इथी थांबून पाहणार का? तुमची तं साडेपाचची बस आहे. नाई. चला. मीच सांगते. आता चला, नाई तं मी परत बसीन.

(वॉर्डात, पत्रूच्या खाटेशी.)

पत्रू : मॅडम, तुम्ही परत आल्या, बरं झालं. तुम्ही तरी माना. आईची आण घेऊन सांगतो, एकच द्रोण. तो भी अर्धा. भाऊ मानत नाई, गावचा पुजारी भुमक मानत नाई, बायको फोन उचलत नाई. तो बाजूच्या खाटेवरचा भी मले पाहून हसते.

दीपिका : मी मानते, पत्रूभाऊ.

पत्रू : दिव्या, तू? तू तं जवळ होती ना, बाई. तू मानते का नाई?

दिव्या : मानते.

पत्रू : पाहा! मायी पोरगी मानते. मॅडम, दुनिया एकीकडे अन् मायी पोरगी एकीकडे. रोज सकाळी हिच्या हातचा चहा भेटला का दिवस नीट जाते माझा. गोड करते, हिले गोड लागते ना, म्हून मले भी गोड लागाले लागला.

दिव्या : मी मानते, काऊन का मले माहीत आहे. त्या चहात दारू सोडवाची गोळी होती. नववीपासून. साखर त्याच्यासाठीच होती, कडू लागू नये म्हून. देवानं हात नाई ठेवला तुया दारूवर. मी ठेवला.

पत्रू : का म्हणते ही?

दीपिका : खरं म्हणते.

पत्रू : तुम्हाले माहीत होतं?

दीपिका : आज कळलं.

पत्रू : अन् तुयी आई? रुखमाले माहीत होतं?

दिव्या : तिनंच आणली.

पत्रू : म्हणजे दोघी मिळून. मी इकडे गावोगावी उभा राहून सांगून राह्यलो, मन घट्ट करा, पत्रूले पाहा, अन् घरात मले बैलाले पाजतात तशी दवाई पाजून राह्यले! मुस्क्या बांधून! मी माणूस आहो का जनावर? मंग मी सोडलीच नाई ना? सांगा ना मॅडम, मी सोडली का नाई?

दीपिका : पत्रूभाऊ, सलाईनचा हात हलवू नका.

पत्रू : हात गेला खड्ड्यात! दिव्ये, मले एकदा सांगू नाई शकली? एकदा?

दिव्या : कोणाले सांगू? तुले? सकाळी सांगतलं तं तू झोपला राहाचा, संध्याकाळी सांगतलं तं तू पडला राहाचा! पोरं सायकल घेऊन यायचे घरी, ‘दिव्या, तुया बाप पुलाजवळ पडला, घेऊन जा.’ आईले नाई सांगत होते, मले. पाण्याचे ड्रम आणाची ढकलगाडी होती ना आपली? तिच्यावर आणत होती मी तुले. ड्रम खाली उतरवून. त्या दिवशी घरात पाणी नाई राहाचं, तू राहाचा. शाळेतली सारी पोरं सडकेवर उभी राहून पाहाची. जिल्ह्यात दारूबंदी होती तवा चोरून पेला, बंदी उठली तवा चौकात पेला, तुले कोणी पुसलं? जनावर म्हणते! बैलाले पाजलं तं बैल तरी कामाले येते.

पत्रू : दिव्या...

दिव्या : अन् मी? मी रोज उठून भीत होती. आज प्याला तं मरन. नाई टाकली तं पेईन. टाकली तं मरन, नाई टाकली तं पेईन. माया मैत्रिणी सकाळी वेणी घालतात, मॅडम. मी हे घोकत होती.

पत्रू : दोन वर्षं म्हणजे तुयाच हातात होता माझा जीव.

दिव्या : हो. अन् मले नको होता.

दीपिका : पत्रूभाऊ, सगळं आजच नाही मिटणार. पण एक गोष्ट आज ठरवू. रविवारी द्रोण जमिनीवरच सोडायचा. तोंडाला लावायचा नाही. तुमच्या भावाशी मी बोलते. आणि गोळी पुढे हवी की नको, ते तुम्ही डॉक्टरांना सांगायचं. हवी असली तर सगळं समजून, स्वतःच्या हातानं घ्यायची.

पत्रू : घेईन. लाज सोडून घेईन. पण तिच्या हातानं दे म्हणा, मॅडम. तिनं दिली तं मी विसरणार नाई.

दिव्या : नाई.

पत्रू : उघड दे. माया तळहातावर ठेव. आता चोरी थोडीच आहे.

दिव्या : नाई म्हटलं ना! तुयी गोळी आहे, तू घे. विसरला तं तू विसरला. मी नाई पाहणार डबी उघडून.

पत्रू : बरं. अन् चहा?

दिव्या : चहा भी नाई.

पत्रू : हं... बराबर आहे. मी मांडीन. सुट्टी भेटली का उद्यापासून मी मांडीन चहा. तुया वाटचा भी मीच मांडीन. तू उठू नको, झोपून राहाजो. साखर किती लागते तुले?

दिव्या : मी चहा पेत नाई, बाबा.