उमाकांतच्या बियरला गॅस पाहिजे

…नाही, पण मला एक सांगा, सोडावाल्याने सोडा बनवावा की नाही? रनाळ्याच्या स्टँडजवळ उमाकांतची गाडी, लिंबू-सोडा, जिरा-सोडा, घोट घेतला की नाकातून झिणझिण्या आल्याच पाहिजेत असा गॅस! सुखाचा धंदा होता हो. पण हा गेला पुण्याला मेव्हण्याकडे, तिथे एका बैठकीत पाच तऱ्हेची बियर चाखली, गव्हाची वेगळी, काळी वेगळी, आंबट वेगळी… आणि परत आला तो डोळे चमकवतच. "भाऊ, लोके घरमा बनाडतस हाई!"

झालं! तुम्हाला सांगतो, सातूला मोड काय आणले, मिरच्या वाळत घालतात त्या पथारीशेजारी वाळवले काय, भरडलं, शिजवलं, गाळलं, पुण्याहून मागवलेली कडू फुलं टाकली, यीस्ट टाकलं, आणि पिंपं गोधड्यांत गुंडाळून हा रोज त्यांना कान लावून बसायचा. "बोली ऱ्हायनी," म्हणायचा, बाळाच्या बापासारखा. रंजनावहिनी, म्हणजे त्याची बायको, तापाने फणफणल्या तेव्हा घरात पांघरायला गोधडी उरली नव्हती… सोडावाल्याने सोडा बनवावा की नाही?

प्रकार चार. गव्हाची, भाजक्या सातूची काळी, चिंचेची आंबट आणि लाल मिरचीची. कारण आपल्या मिरचीच्या जिल्ह्यात राहून मिरची टाकली नाही तर लोक तोंडात शेण घालतील! शेजारच्या प्रेमचंदने पिंपातली चाखली. गव्हाचीला पेज म्हणाला, काळीला काढा, आंबटला सार, आणि मिरचीचीला नाव द्यायच्या आधीच माठाकडे धावला.

उमाकांतच्या जिव्हारी लागलं ते. प्रेमचंदला काय कळतं? कळणारं माणूस एकच, मोलगीची रूपलीबाई, त्याच्या मित्राची, वीरसिंगची आई. तिने मोहाच्या दारूचा घोट घेऊन 'बरी' म्हटलं की सातपुड्यात त्या भट्टीचं नाव झालं समजा. तिच्या तोंडून एक 'बरी' ऐकायची, बस्स, दुसरं काही नको! आणि नेमकं वीरसिंगने नवाईला, म्हणजे नव्या धान्याच्या सणाला, बोलावलं.

आता बघा हं. बाटलीत भरल्यावर ही बियर आपला गॅस आपणच करते, तिला हात लावायचा नाही, असं मोबाईलवरच्या व्हिडिओत माणूस ओरडून ओरडून सांगत होता. पण जन्मभर सोडा भरलेला हात तो! "गॅस नही, ते बाटली कसानी?" म्हणाला, आणि चार प्रकारांच्या चार बाटल्या सोड्याच्या मशीनला लावून वरून दणकून गॅस भरला. मग पंधरा दिवस ठेवल्या. मग भर उन्हात, जीपमधून, घाटातून, मांडीवर घेऊन मोलगीला! प्रत्येक वळणाला बाटल्या गुरगुरत होत्या म्हणे, आणि शेजारची म्हातारी याच्या पोटाकडे बघून सरकत सरकत पार ड्रायव्हरजवळ गेली.

अंगण सारवलेलं, नवं धान्य मांडलेलं, माणसं गोळा. तिथली रीत अशी, की जिवंत माणसाच्या ओठाला लागण्याआधी पूर्वजांच्या नावाने जमिनीवर धार टाकायची. रूपलीबाईने गव्हाची बाटली घेतली, आजेसासऱ्याचं नाव घेतलं, वीरसिंगने झाकणाला नुसता पाना लावला… फस्सस्स! कारंजं कौलांपर्यंत! कौलांवरून जमिनीवर! कोंबडा भरदुपारी आरवला, दोन शेळ्या दावं तोडून पळाल्या, आणि बाटलीत थेंब नाही.

उमाकांतला वाटलं, संपलो. म्हातारीने रिकामी बाटली उलटी करून पाहिली आणि त्यांच्या पावरी बोलीत काहीतरी बोलली. वीरसिंगने मराठीत सांगितलं, "आई म्हणते, आजा कधी एवढी घेत नव्हता."

काळी सासऱ्याच्या नावाने उघडली, ती त्याने हातातून ओढली. आंबट चुलतसासूने गट्ट केली. मेलेली माणसं रांगेत उभी, आणि जिवंत माणूस कोरडाच! सोडावाल्याने सोडा…

राहिली मिरचीची. उमाकांत पुढे झाला, हात जोडले. "माय, हाई तुम्ही ल्या. एकच घोट." आणि शप्पथ सांगतो, मग त्याने जी कमाल केली! बाटलीवर ओला पंचा, पंच्यावर अंगठा, झाकण केसभर उचलायचं, गॅस सोडायचा, दाबायचं, परत उचलायचं… आणि अर्धा ग्लास भरला! लालसर, वर पांढरा फेस, मिरचीचा वास अंगणभर. रूपलीबाईने ग्लास ओठांजवळ नेला. म्हातारी थांबली. वीरसिंगकडे वळून काहीतरी म्हणाली, आणि ग्लास हळूच जमिनीवर ओतला.

"बाबाचं नाव राहिलं होतं," वीरसिंग म्हणाला. "त्याला तिखट आवडायचं."

मग म्हातारीने निकाल दिला. पूर्वजांनी अशी झडप कधीच घातली नव्हती, तेव्हा ही दारू त्यांचीच. जिवंतांनी तोंड लावायचं नाही. दरसाल नवाईला आणायची. सगळ्यांनी माना डोलावल्या.

आता शेजारच्या पाड्यांतूनही निरोप येतात. काळीला मागणी जास्त. एवढी गिऱ्हाइकं, एकाची तक्रार नाही; फक्त चव कशी लागली हे विचारायला उमाकांतला आधी वर जावं लागेल, आणि तो म्हणतो, तेवढी काही घाई नाही.