मौजा कोसमटोला येथील कुर्मा घराचे छप्पर

जबाब देणार : सौ. कमळा बिरजू नरोटे, वय ४४ वर्षे, धंदा शेतमजुरी व मोह-तेंदू वेचणे, शिक्षण दुसरी, राहणार मौजा कोसमटोला, तालुका धानोरा, जिल्हा गडचिरोली.

मी आज दिनांक १३ जून २०२४ रोजी सकाळी अकरा वाजता पोलीस मदत केंद्रात स्वतः पायी आले आहे. मला कोणी आणलेले नाही आणि कोणी शिकवून पाठवलेले नाही. रंजीता मुखरू पोटावी, वय २७, ही मंगळवारी मेली, त्याबाबत विचारल्यावरून सांगते ते असे.

रंजीता माझ्या शेजारची. तिचा नवरा मुखरू, वय ३२, शेती करतो. मुखरूचा काका लच्छू पोटावी, वय अंदाजे ६०, हा गावाचा भूमिया आहे, म्हणजे गावाची पूजा आणि रीत तो पाहतो. आमच्या गावात बाईला पाळी आली म्हणजे ती पाच दिवस गावाच्या कडेला कुर्मा घरात राहते. त्या घरात पुरुष पाय ठेवत नाही. त्यामुळे त्याचे छप्परही पुरुष फेरत नाही. घरोघरचे कवेलू, म्हणजे कौले, उन्हाळ्यात फेरून होतात, कुर्म्याचे आम्ही बायकाच जमेल तसे करतो. वर मोहाचे झाड आहे. पाला कवेलूंच्या पन्हाळीत कुजतो, वांदरं कवेलू सरकवतात, आणि पावसाळ्यात आम्ही आत भिजतो.

मंगळवार दिनांक ११ रोजी रंजीताचे पाच दिवस पुरे झाले होते. ती सकाळी सहा वाजता बोडीवर, म्हणजे लहान तळ्यावर, न्हाली, साडी बदलली. माझा दुसरा दिवस होता. मीच तिला म्हटले, "रंजू, तू तं चालली घरी, मले अजून तीन दिस काढा लागते. जाता जाता वरचा पाला तं सारून दे माये." ती म्हणाली, "आत पाय नाई ठेवत, वरून वरून करून देऊ." छपरावर चढण्याने विटाळ होत नाही, आत गेल्याने होतो, असे आम्ही बायका धरतो.

साहेब विचारतात, चढताना काय खबरदारी घेतली. खबरदारी कशी घेतात ते आम्हाला माहीत आहे. एक शिडी चढायला लागते. दुसरी शिडी कवेलूंवर आडवी टाकतात, म्हणजे अंगाचा भार एका वाशावर पडत नाही. कमरेला दोर बांधतात आणि दोर दुसरा माणूस धरतो. मागच्या आठवड्यात मुखरूने स्वतःचे घर फेरले तेव्हा दोन्ही शिड्या होत्या, दोर होता, आणि तो दोर रंजीताने दोन तास धरला होता. हे मी डोळ्याने पाहिले आहे.

त्या दिवशी ती घरून एकच शिडी घेऊन आली. मी विचारले, "दुसरी काऊन नाई आणली? अन् दोर?" ती म्हणाली, "नाई देत म्हणते. कुर्म्याले लागलेला दोर बैलाले कसा बांधू म्हणते. शिडीही धुवून आणजो म्हणे." आणि हसली. तिला नवऱ्याचा राग येत नसे. मला येत असे.

सकाळी दहाच्या सुमारास ती वर चढली. मी आतून काठीने वासे ठोकून सांगत होते, कोणता भरीव, कोणता वाळवीने पोकळ. दोन वासे ठोकून झाले. तिसरा ठोकायच्या आत तिने त्यावर पाय टाकला. कवेलूंसकट ती माझ्यासमोर खाली आली आणि चुलीच्या दगडावर पाठीवर पडली. तिने मला विचारले, "बाई, माहे पाय कुठी हायेत?" पाय तिथेच होते. मी हात लावून पाहिले, तिला समजत नव्हते. मांडीतून रक्त येत होते, तिथे मी पदर बांधला.

मी आरडाओरड केली. त्या दिवशी बाजार असल्याने गावातल्या बायका बाजाराला गेल्या होत्या. मुखरू, लच्छू आणि दोन गडी आले व कुर्म्याच्या कुंपणाजवळ थांबले. लच्छूने फोन करून दवाखान्याची गाडी बोलावली, ते मी नाकारत नाही. गाडी साडेअकरापर्यंत नाल्याच्या पलीकडे येणार होती. पुढे रस्ता नाही. नाला तीन किलोमीटर आहे. बाजेवर टाकून न्यायला चार माणसे लागतात आणि चार माणसे कुंपणाजवळ उभी होती. मी मोजली.

मी त्यांना आत या म्हटले. लच्छू म्हणाला, "आत पडली ना ते. बाहीर पडली असती तं उचललं असतं. तू बाहीर काढ, मंग पाहू."

मी एकटीने तिच्या काखेत हात घालून तिला ओढले. उंबऱ्यावर तिची कंबर अडकली. ती ओरडली. मी पुन्हा ओढले. ती जोराने ओरडली, मग ओरडली नाही.

बाहेर आणल्यावर लच्छू म्हणाला, "आता न्हाऊ घाल." मी सांगितले की ती सकाळीच न्हाली आहे, मी सोबत होते. तो म्हणाला, "पुन्हा आत गेली ना. रक्तही दिसते." ते रक्त मांडीच्या जखमेचे आहे असे मी तीन वेळा सांगितले. मुखरू तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत होता. मी म्हटले, "मुखरू, तुही बायको हाय ना बे!" तो म्हणाला, "मी एकटा रीत मोडू का? उद्या गावात काई झालं तं मलेच धरतीन." एवढे बोलून त्याने शिडीवर गुंडभर पाणी टाकले, शिडी खांद्यावर घेतली आणि घरी ठेवून परत आला. मी त्याला म्हटले, "शिडीले एक गुंड अन् बायकोले काय अख्खी बोडी लागते का रे?" त्यानंतर मी त्याला आईवरून शिव्या दिल्या. त्या लिहायच्या असतील तर लिहा, मी परत सांगते.

हातपंप कुंपणापासून चाळीस पावलांवर आहे. मी कुर्म्यात असल्याने मला हातपंपाला हात लावता येत नाही. त्यांच्यापैकी कोणी पाणी हापसून दिले नाही. मी बोडीवर जाऊन तीन खेपा केल्या. त्यात पाऊण तासाच्या वर गेला. रंजीता उन्हात पडून होती. मी पाणी टाकले तेव्हा भर उन्हात तिचे दात वाजत होते. मी चेहरा सोडून टाकत होते. ती मला म्हणाली, "बाई, डोक्यावरून टाक. डोकं कोरडं राह्यलं तं पुन्हा टाका लावतीन." मी डोक्यावरून टाकले.

मग त्यांनी बाज आणली आणि तिला उचलले. तेव्हा पावणेएक झाला होता. मी मागून चालत होते, वीस पावले दूर, कारण जवळ येऊ नको असे लच्छूने सांगितले. नाल्यावर गाडी उभी होती. गाडीतल्या डॉक्टरने तिचा हात धरून पाहिला आणि परत बाजेवर ठेवला. कंबरेखाली हात घालून पाहिल्यावर त्याने विचारले, "हिला कोणी ओढलं? पडलेल्या माणसाला असं ओढतात का?" चौघांनीही माझ्याकडे बोट दाखवले. मुखरूने त्या वेळी पहिल्यांदा तोंडातला खर्रा थुंकला आणि रडला.

मुखरूने काल दिलेला जबाब मला इथे वाचून दाखवला. त्यात लिहिले आहे की ती पाय घसरून पडली आणि कमळाबाईने ओढल्याने तिची पाठ गेली. पाय घसरला नाही, वासा मोडला. दुसरी गोष्ट खरी आहे. तिला चढायला मी सांगितले. ओढले मी. गार पाणी मी टाकले. मला रीत मोडता आली असती. आत मी होते, हातपंप चाळीस पावलांवर होता, मी जाऊन हापसला असता तर माझे कोणी काय केले असते? दंड केला असता. मी बोडीवर गेले. दोन रात्री मला झोप नाही.

माझे पाच दिवस अजून पुरे झालेले नाहीत. मी कुर्म्यातून उठून, न न्हाता, गावातल्या रस्त्याने सर्वांच्या दारासमोरून इथे आले आहे. वाटेत हातपंपावर पाणी प्यायले. लच्छूने पाहिले.

तक्रार कोणाविरुद्ध आहे असे विचारल्यावरून सांगते की मुखरू पोटावी, लच्छू पोटावी आणि कमळा नरोटे यांच्याविरुद्ध आहे. तिसरे नाव तुमचेच आहे, ते खोडू का, असे साहेबांनी विचारले. खोडायचे नाही असे मी सांगितले.

हा जबाब महिला शिपाई रीता हलामी यांनी मला गोंडीतून व मराठीतून मोठ्याने वाचून दाखवला. मी बोलले तसाच उतरला आहे, त्यात कमी-जास्त नाही. म्हणून अंगठा देते.

(निशाणी अंगठा) कमळा बिरजू नरोटे